सपाट शिवलेली डावी बाजू

मी पोहण्याचा एक जुना पोशाख आहे. हसलात ना, मित्रांनो? खुशाल हसा. इथे न्यूझीलंडमध्ये मला टॉग्ज म्हणतात. माझा निळा रंग विटला आहे आणि डाव्या बाजूला जाड टाके आहेत. ते टाके मी कुणापासून लपवत नाही.

मी कुठल्या कारखान्यात शिवला गेलो, कोण जाणे. मला आठवते ते ऑकलंडमधले दुकान आणि मला हँगरवरून उतरवणारा मृणालिनीबाईंचा हात. ते साल होते २०१२. बाई मूळच्या पुण्याच्या. टाकानिनीला राहायच्या, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या. कामावर जाण्याआधी त्या गाडी काढून माराएताईच्या किनाऱ्यावर यायच्या. "नावातच ताई आहे," त्या म्हणायच्या, "हे माझं माहेर."

त्या वेळी किनाऱ्यावर फारसे कुणी नसे. बाई पोहून दमल्या की पाण्यावर उताण्या पडत. कान पाण्याखाली, डोळे आभाळाकडे. त्यांचा श्वास हळूहळू संथ व्हायचा, तो मला जाणवायचा. किनाऱ्याजवळच राहणारी हाना नावाची माओरी आजीही पोहायला येई. "किया ओरा! आज फार गार नाही," असा माओरी नमस्कार घालत ती रोज म्हणे आणि रोज पाणी बर्फासारखे असे.

मग २०१५ साली बाईंना कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत त्यांचा डावा स्तन काढावा लागला. त्यानंतर औषधे, उलट्या, गळणारे केस. मी खणात स्वेटरांच्या खाली पडून होतो. डांबराच्या गोळ्यांचा वास माझ्या धाग्याधाग्यात भरला. उन्हाळे आले आणि गेले. मला फार राग यायचा. मी फाटलो नव्हतो, मग माझी घडी का घातली?

एका सकाळी बाईंनी मला ओढून बाहेर काढले. त्यांचे पती रवींद्र दारात उभे होते.

"अगं, वाचलीस हेच खूप. आता समुद्रबिमुद्र नको. लोक बघतात."

"लोकांना डोळे आहेत, बघणारच," बाई म्हणाल्या.

पण मनात थोडी धास्ती होतीच. त्यांनी माझ्या डाव्या बाजूला आतून स्पंजचा तुकडा बसवला. समुद्रात शिरताच तो पाणी पिऊन जड झाला, मला एका बाजूला ओढू लागला आणि शेवटी गळ्यातून निसटून लाटेवर डुलत निघाला. हानाआजीने तो पकडला.

"हे तुझं का गं?"

बाई क्षणभर पाहत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की नाकात पाणी गेले. आजीही हसली. पुष्कळ दिवसांनी मी बाईंचे हसणे माझ्या शिवणींत अनुभवले.

घरी येताच बाईंनी कात्री घेतली. जास्तीचे कापड कापले आणि डावी बाजू सपाट शिवून टाकली. दुखले? दुखले. पण आता मी त्यांच्या अंगाला नीट बसत होतो. त्यांची मुलगी ऋचा म्हणाली, "हीप्स बेटर, मम!" म्हणजे आधीपेक्षा पुष्कळच छान.

जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, मराठी मंडळी तिळगूळ घेऊन त्याच किनाऱ्यावर जमली. बाई मला घालून सगळ्यांच्या मधून पाण्याकडे निघाल्या. एक काकू पुढे आल्या.

"मृणालिनी, टॉवेल तरी घे अंगावर. मुलंबाळं आहेत इथे."

"मुलांना विचारू दे की. सांगेन, आजारी होते, बरी झाले."

"रवींद्र, तुम्ही तरी द्या हो तिला टॉवेल!"

रवींद्रांच्या हातात टॉवेल होता. बाई थबकल्या. त्यांचे काळीज माझ्याखाली धडधडू लागले. रवींद्रांनी टॉवेल वाळूवर पसरला आणि त्यावर मांडी घालून बसले.

"टॉवेलवर मी बसलोय," ते म्हणाले. "जा गं तू."

बाई पाण्यात शिरल्या. थोड्या वेळाने एक बाई साडी सावरत घोटाभर पाण्यात आली. ती नीला, पापाकुराला राहणारी.

"माझंही ऑपरेशन झालंय," ती हळूच म्हणाली. "घराबाहेर कुणालाच सांगितलं नाही. आंघोळ करतानासुद्धा मी आरशाकडे पाठ करते."

"पोहता येतं?"

"नाही."

"मग उद्या सकाळी ये."

ती आली. अंगात नवऱ्याचा जुना टीशर्ट होता. बाईंनी तिच्या पाठीखाली हात धरला. "डोकं मागे टाक. मी आहे." नीला आधी थरथरली, मग रडली, मग तिने अंग सैल सोडले. बाईंनी हात काढून घेतला तरी ती तरंगत राहिली.

आज २०१९ साल आहे. नीलाने आणखी बायकांना आणले, त्यांनी आणखी. सगळ्यांच्याच शस्त्रक्रिया झालेल्या नाहीत. काहींना नुसते पाण्याचे भय आहे. उजाडताना बाई त्यांना तरंगायला शिकवतात आणि मग कामावर जातात. ऋचा नवे टॉग्ज घे म्हणते. बाई म्हणतात, "हे अजून चालतंय."

मित्रांनो, मला समुद्रातून आणले की गोड्या पाण्यात विसळा, पिळू नका, सावलीत वाळत घाला. एवढी निगा मला पुरे. पण कुणी म्हणाले, 'आता कशाला, ठेवून द्या खणात,' तर मुळीच ऐकू नका. मला फाटायचेच असेल, तर मी पाण्यात फाटेन.