बावीस लाल ओळी

बापूकाकांचं ऑफिस म्हणजे एक रिटायर झालेला कंटेनर. तरुणपणी जहाजावरून जग फिरला आणि म्हातारपणी न्हावा शेव्याच्या रस्त्याकडेला येऊन बसला. कापून दोन खिडक्या काढल्या, एसी बसवला, दाराला लिंबू-मिरची टांगली, की झाली ट्रान्सपोर्ट कंपनी! बंदरातला माल वाहणारे एकसष्ट गाडीवाले या कंटेनरशी बांधलेले. कुणाचा एक ट्रेलर, कुणाचे दोन. काकांना सगळे तोंडपाठ होते, पण यंदा घेतलेल्या हिशेबाच्या नव्या सॉफ्टवेअरला काकांचं डोकं वाचता येत नव्हतं.

त्याला हवं होतं प्रत्येक गाडीमालकाचं नाव, पॅन नंबर, गाड्या किती, आणि टॅक्स कापायचा की नाही. नावावर दहापर्यंतच गाड्या असल्या आणि मालकाने तसं सही करून लिहून दिलं, की भाड्यातून टॅक्स कापला जात नाही. एकतीस ऑक्टोबरपर्यंत ही सगळी माहिती आत गेली नाही तर मात्र कापणार, असं पनवेलच्या सीए मॅडमनी बजावलं होतं. आणि माहिती भरायचं काम ज्या एजन्सीला द्यायचं ती म्हणत होती, तीन आठवडे लागतील.

"मी करते," रुचिता म्हणाली. "चार दिवसांत."

रुचिता काकांची पुतणी. दहावीतली. दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासाच्या नावाखाली एसीत बसायला यायची. शाळेच्या कॉम्प्युटर क्लबात ती स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, लिहायला शिकली होती, आणि तेव्हापासून जगातली निम्मी कामं आपण दहा ओळींत उरकू शकतो असं तिला वाटायचं. उरलेली निम्मी वीस ओळींत.

चहाला टेकलेला धर्मा कडू हसला. त्याच्या दोन गाड्या काकांकडे चालायच्या. "बापूदादा, पोरीच्या हातात दिलात, तर आपल्या गाड्या कागदावर दुबईला पोचतील."

"पोचल्या तर दुबईचं भाडं लावा की, धर्माकाका!" रुचिता म्हणाली. "एकसष्टच्या एकसष्ट घालून दाखवते. नाही जमलं तर या कॉम्प्युटरला परत हात लावणार नाही."

बोलून गेली खरी. कंटेनरमध्ये आवाज घुमतो. चार गाडीवाल्यांनी ऐकला.

कपाटातल्या फायली उपसून तिने पॅन कार्डांच्या झेरॉक्सवरून एकेक नाव आणि पॅन नंबर टाइप केला, शेजारी गाडीच्या कागदांवरून गाडीचा नंबर. दुसरी यादी काकांकडे तयारच होती, रोजच्या फेऱ्यांची. स्क्रिप्टचं काम साधं. गाडीचा नंबर धरून दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या, एका मालकाची एक ओळ. नावाशी नाव जुळलं की ओळ हिरवी, थेट सॉफ्टवेअरमध्ये. नाही जुळलं की लाल, दाराबाहेर उभी.

तिने स्क्रिप्ट चालवली. एकोणचाळीस हिरव्या, बावीस लाल.

आधी वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. स्क्रिप्ट वरून खाली वाचली, खालून वर वाचली. ती बरोबर होती. मग तिने लाल ओळी वाचल्या. काकांच्या यादीत धर्मा कडू, पॅनवर गोदू धर्मा कडू. यादीत सदू भोईर, पॅनवर आवडाबाई सदू भोईर. बावीसच्या बावीस बायका! तिनेच टाइप केलेली नावं ही, पण टाइप करताना माणूस अक्षरं बघतो, नावं बघत नाही.

बाविसावी ओळ वाचून तिने माउसवरचा हात काढला. यादीत बापू घरत, पॅनवर विनिता बापू घरत.

म्हणजे काकू. रोज साडेबाराला डबा आणणारी, डबा टेबलावर ठेवून उभ्या उभ्या परत जाणारी काकू एका ट्रेलरची मालकीण होती. आणि त्याच घरात वाढलेल्या रुचिताला ते एका झेरॉक्सवरून कळत होतं.

"काका, बावीस जणांच्या गाड्या बायकांच्या नावावर आहेत."

"मग?" काका फोनमधून मान वर न करता म्हणाले. "बंदरात गेलेल्या जमिनीचे पैसे आले तेव्हा कुणीतरी सांगितलं, बायकोच्या नावावर घ्या, टॅक्स कमी बसतो. घेतल्या सगळ्यांनी. म्हणून काय धर्माची गाडी धर्माची राहत नाही? आपल्या यादीतलं नाव घाल."

एका ओळीचं काम. नाव जुळलं नाही तर यादीतलं घ्या. रुचिताने ती ओळ लिहिली आणि लाल रंग पुसल्यासारखा गेला. एकसष्ट हिरव्या! ती खुर्चीतच गोल फिरली. काकांनी सगळ्यांना समोसे मागवले. धर्मासुद्धा म्हणाला, "पोर हुशार हाय," आणि टॅक्स कापू नये म्हणून द्यायच्या, तिच्या स्क्रिप्टने छापलेल्या पहिल्याच कागदावर झोकात सही ठोकली. तो कागद काकांनी मॅडमना पाठवला.

समोसा संपायच्या आत मॅडमचा फोन. "पॅन बाईंचा आणि नाव पुरुषाचं? असं कसं चालेल? ज्याचा पॅन, त्याचं नाव, त्याची सही."

"नाव बदल," काका रुचिताला म्हणाले. "सही धर्मा करेल."

"गोदूकाकूंच्या नावाने?"

"मग दरवर्षी कोण करतो?"

रुचिताने गेल्या वर्षीची फाईल काढली. बावीस कागद, बावीस बायकांच्या सह्या. गोदूच्या सहीखालची रेघ शेवटी वर उडाली होती. अगदी तश्शीच रेघ धर्माकाका डिझेलच्या पावतीवर मारायचे.

मॅडमना फक्त कागद दिसणार होता. उद्या दुपारपर्यंत बावीस नवरे येऊन बावीस सह्या करून गेले असते, आणि एकसष्टच्या एकसष्ट पुन्हा हिरव्या झाल्या असत्या. रुचिता स्क्रीनकडे बघत बसली. तिच्या स्क्रिप्टला काही कळत नव्हतं. गाव कळत नव्हतं, नाती कळत नव्हती. म्हणूनच तिने सरळ सांगून टाकलं होतं की इथे नाव एकाचं आहे आणि हाक दुसऱ्याला मारताय. आणि रुचिताने काय केलं? स्क्रिप्टचंच तोंड दाबलं. वर समोसा खाल्ला.

तिने ती ओळ खोडली. बावीस ओळी परत लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला सकाळी, कागद वहीत घालून सायकलवरून ती गोदूच्या शेतावर गेली. भातकापणी चालली होती. धर्माची बायको गोदू चार बायकांच्या पुढे, सपासप विळा चालवत होती.

"गोदूकाकू, सही हवीय."

"कसली? रेशनची?"

"गाडीची. तुमच्या."

"माझी कुठली गो गाडी? धर्माची हाय ती."

"कागदावर तुमची आहे. दोन्ही तुमच्याच."

"ते माहीत हाय मना," गोदू कंबर सरळ करत म्हणाली. "दसऱ्याला हळद-कुंकू कोन लावतं? चाकाखाली लिंबू कोन ठेवतं? पन वर कधी चढले नाय. पायरी केवढी उंच हाय, बघितलीस?"

रुचिता जरा घुटमळली. "सही येते ना तुम्हाला? नसेल तर अंगठा..."

मागच्या बायका खो खो हसल्या. गोदूने विळा बांधावर ठेवला. "सातवी पास हाय मी. वर्गात पयली. सही येते गो बाय, मागितली नाय कोनी. पंधरा वर्सांत तूच पयली आलीस मागाया."

पदराला हात पुसून तिने कागद घेतला आणि वाचला. ओठ हलवत, सगळा, खालच्या बारीक अक्षरांसकट. रुचिताने पेन पुढे केलं, पण तिने कागदाची घडी घातली.

"हात चिखलाचं हायेत. उद्या येते ऑफिसात. बसून करते."

"काकू, उद्या शेवटचा दिवस! आत्ता केलीत तर..."

"पंधरा वर्सं थांबली सही, एक दिस थांबंल. बाकीच्या कोन कोन हायेत? वाच."

रुचिताने वीस नावं वाचली. प्रत्येक नावाला गोदू मान हलवत होती, जणू हजेरीच चालली होती. शेवटी म्हणाली, "नि बापूची विनी? तिची बी हाय ना गाडी?"

सगळ्या गावाला माहीत होतं तर! "आहे," रुचिता म्हणाली. "तिचं मी बघते."

बघते म्हणणं सोपं होतं. परतताना सायकल जड लागत होती, आणि रस्ता तर सपाट.

दुपारी धर्मा कंटेनरमध्ये शिरला तो तापलेलाच. "बापूदादा, या पोरीला आवरा! जेवाया बसलो तर बायको इचारते, दुसऱ्या गाडीचा हप्ता किती राह्यला. भात वाढायच्या आधी! हे धंदे कोनी शिकवले तिला?"

"धर्माकाका, मी फक्त सही मागितली."

"सही माझ्याकडं मागायची!"

तो गेल्यावर काकांनी दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "हे सगळे गाडीवाले उद्या दुसऱ्या ऑफिसला गेले, तर तू माल वाहणार का सायकलवरून? उद्या संध्याकाळी पाचपर्यंत एकसष्ट हिरव्या. नाहीतर काम एजन्सीला. शब्द तुझाच आहे."

एकतीस तारीख. दहा वाजले, कुणी नाही. साडेदहा, कुणी नाही. रुचिताने नखं खाऊन संपवली आणि पेनाचं टोपण चघळायला घेतलं. अकराला बाहेर ट्रेलरचा भोंगा वाजला, असा की कपाटाच्या काचा थरथरल्या.

धर्माची गाडी. पण डावीकडचं दार उघडलं, आणि त्यातून पाठमोरी, एकेक पायरी चाचपत, ठेवणीतली साडी सावरत गोदू उतरली. मागोमाग आवडाबाई. मग आणखी तिघी. एवढ्या सगळ्या त्या केबिनमध्ये बसल्या कशा, देव जाणे!

"चारदा सांगितला भोंगा नको वाजवूस," गोदू आत येत म्हणाली, "ऐकतो कुठं!"

धर्मा आलाच नाही आत. बाहेर उभा राहून टायरला उगाच लाथ मारून बघत होता.

गोदू खुर्चीत बसली. हळूहळू, वहीत काढतात तसं एकेक अक्षर काढून तिने सही केली. रेघबिघ काही मारली नाही. पुढे मोबाईलचा रकाना होता.

"तिथे धर्माचा घाल," काका म्हणाले.

"माझा घाल," गोदू म्हणाली आणि नंबर सांगितला. "भाडं जमा झालं की मेसेज येतो ना? मना येऊ दे. धर्माला मी सांगेन."

"झालं कल्याण!" दाराबाहेरून धर्माचा आवाज आला, आणि सगळा कंटेनर हसला. काकासुद्धा, मिशीत.

मग रीघ लागली. एकेक सही झाली, की रुचिता यादीतलं नाव बदलायची आणि एक ओळ हिरवी व्हायची. कुणी मुलाच्या बाईकवरून, कुणी रिक्षातून. साडेबाराला काकू डबा घेऊन आली तेव्हा ऑफिसात बसायला जागा नव्हती. तिने खुर्च्यांवरच्या बायकांकडे बघितलं, कागदांकडे बघितलं, हसली, डबा ठेवला आणि नेहमीसारखी उभ्या उभ्या निघून गेली. कागद रुचिताच्या हाताखालीच होता. पुढे करता आला असता. पण तो काकूपुढे आपण नव्हे, काकांनी ठेवायचा, असं तिला वाटलं, आणि ते काकांना कसं सांगायचं हे मात्र सुचेना.

साडेचार. साठ हिरव्या, एक लाल.

"कोण राहिलं?" काकांनी विचारलं.

तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. काकांनी ओळ वाचली आणि खिशातून पेन काढलं. "एवढंच ना? दे. तिची मी करतो."

रुचिताचा हात कागदावरून हलला नाही. "मग ती लालच राहू दे, काका. साठच झाल्या म्हणून मी सांगेन सगळ्यांना. शब्द माझा होता, हरले. कॉम्प्युटरला हात नाही लावणार."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या रिकाम्या डब्याकडे. पेनाचं बटण दोनदा टक्टक् केलं, आणि पेन खिशात परत ठेवून फोन उचलला.

"हां, मीच. जरा ऑफिसला येतेस? नाही गं, डब्याचं नाही. सही हवीय. तुझी. गाडीची... हो, आपल्या. म्हणजे, तुझ्या."

पलीकडे काकू बराच वेळ काहीतरी बोलत होती. काकांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" रुचिताने विचारलं.

"म्हणते, थांबा, चष्मा घेऊन येते."

आणि उठून काकांनी समोरच्या खुर्चीवरची फायलींची चळत उचलून खाली जमिनीवर ठेवली.