तोरणाचे खिळे

मित्रांनो, असे टक लावून पाहू नका, मला मेल्याहून मेल्यासारखे होते. मी ग्वाल्हेरची जुनी बर्फगाडी. शहरातल्या कंपू भागातल्या इस्पितळातून देवीची लस गावोगाव थंड पोहोचवायची, एवढेच माझे काम होते. तेवढेही मला जमले नाही.

माझ्या पोटाला पत्र्याच्या दोन भिंती, मध्ये बुचाच्या फळ्या आणि दाराला रबराची पट्टी. आत बर्फाच्या लाद्या रचल्या की बाहेर लू वाहो, आत माघ महिना! संस्थानाच्या काळी मिस्त्री दाराच्या फटीत कागद धरून ओढायचा. कागद सहज निघाला, तर रबर बदलायचा. मग संस्थान विलीन झाले, मध्यभारत राज्य आले, पुढे तेही मध्य प्रदेशात गेले. खाती भोपाळला हलली, त्यांच्याबरोबर मिस्त्रीही. दर वेळी माझ्यावर नवी पाटी लागली, पण दाराची फट कोणी पाहिली नाही.

माझे चालक दौलतसिंह शिलेदार घराण्यातले. खंडेनवमीला घरच्या तलवारीबरोबर माझीही पूजा करायचे. झेंडूच्या तोरणासाठी दारावर दरवर्षी लांबलचक खिळे ठोकायचे.

"अहो, दोरीने बांधा की," लस टोचणाऱ्या वनमालाताई म्हणायच्या.

"दोरीने? ताई, आमची लक्ष्मी आहे ती! तोरण एकदम पक्कं हवं."

आणि मी? मी फुगून जायचे. महाराज बाडा नावाच्या भर चौकातून मी तोरण मिरवत निघाले की लोक वळून पाहायचे. खिळ्यांच्या भोकांतून बुचात पाणी मुरत होते, दार वाकडे होत होते. सगळे कळत होते हो, पण नटवीला शहाणपण कुठले!

चैत्रात आम्ही मोहना गावी गेलो. देवीचा कोप होईल म्हणून तिथल्या बाया लसीला भीत. वनमालाताईंनी महिनाभर उंबरे झिजवून त्यांना राजी केले होते. त्या दिवशी लिंबाखाली पोरे मांडीवर घेऊन त्या सगळ्या बसल्या होत्या. ताईंनी दार उघडले. बर्फाचे पाणी झाले होते. लसीच्या नळ्या हाताला कोमट लागल्या, म्हणजे लस निकामी झाली होती.

"दौलतसिंह, सगळा बर्फ पिघळला हो!"

"असं कसं? सकाळी तर फुल भरला होता." त्यांनी दारावरून हात फिरवला. खिळ्यांभोवतीचे कुजके, काळे बूच बोटांना लागले. त्यांनी मान खाली घातली. "ताई, हे माझंच पाप."

"लगा दो बाई, किसे पता चलेगा?" गावचा पटेल म्हणाला.

"मुझे पता चलेगा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी सगळी लस फेकून दिली.

बाया उठल्या. "मैया की मर्जी नहीं थी," एक म्हातारी म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दौलतसिंहांनी खात्याच्या मागे लागून माझे बूच आणि रबर बदलून घेतले. आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला लस गारेगार होती, पण लिंबाखाली कोणी नव्हते. वनमालाताई घरोघर हाका मारत फिरल्या. कड्या आतून लागलेल्याच राहिल्या.

मित्रांनो, यंत्राला हार घालू नका असे मी म्हणत नाही. हौस कोणाला नसते? पण हार घालण्याआधी त्याचे दार नीट लागते का, तेवढे पाहा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात बर्फ जसाच्या तसा होता, आणि टोचून घ्यायला एकही पोर नव्हते. वितळलेल्या बर्फाची वाटली नसेल एवढी लाज मला त्या शाबूत बर्फाची वाटली.