ही म्हातारी तारेवरून उतरणार नाही

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉलीबस आहे, आणि आधीच सांगते, मला बिचारी म्हणायचं नाही. माझ्या डोक्यावर दोन लांब दांडे आहेत. ते वरच्या विजेच्या तारांना टेकले की मी धावते. समुद्राकाठच्या वाल्पाराइसो शहरात सत्तर वर्षं झाली धावतेय, पण कुणाच्या नाकात कधी धूर सोडलेला नाही.

वळणावर एखादा दांडा निसटतो. मग माझे चालक निबाल्दो मास्तर खाली उतरतात आणि मागची दोरी ओढून तो परत तारेला लावतात.

"आजीबाईंचा अंबाडा सुटला वाटतं," मागचा टॅक्सीवाला म्हणतो.

"सुटू दे. तुझ्या गाडीसारखी खोकत तर नाही ना?" मास्तर म्हणतात.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या बस कंपनीत नवे साहेब आले. तारा काढून डिझेलच्या बस आणायच्या, असं त्यांच्या मनात. आधी तीन आठवडे करून बघू म्हणाले आणि मला आगारात डांबलं.

आमच्या रस्त्यावर सगळे कपडे खिडकीबाहेर वाळत घालतात. रेबेकाबाईंचं तर पोटच लॉजच्या चादरी धुण्यावर. त्या तीन आठवड्यांत चादरी वाळेपर्यंत करड्या होऊ लागल्या. बाईंनी तीनदा साबण बदलला. दुकानदाराशी कडाकडा भांडल्या, "मेल्या, साबणात राख घालतोस का?" शेवटी लॉजवाला म्हणाला, असंच धुणार असाल तर उद्यापासून येऊ नका. तेव्हा कुठे बाईंनी खिडकीतून खाली वाकून रस्ता पाहिला.

साहेब आगारात निर्णय सांगायला आले त्या दिवशी बाईंनी माझ्या पुढच्या काचेवर दोन चादरी पसरल्या. एक माझ्या दिवसांतली, पांढरी. दुसरी डिझेलच्या दिवसांतली.

"बाई, साबण हलका असेल," साहेब म्हणाले.

"असेल. मग आज रात्री हीच पांघरा. तोंडावरून घ्या."

सगळे हसले. साहेबांनी चादरीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते गुपचूप रुमालाला पुसलं.

"सहा महिने तारा राहू देत," ते म्हणाले. "प्रवासी किती मिळतात ते बघू."

बघाच म्हणावं. मित्रांनो, मला हार घालू नका, संग्रहालयात नेऊन ठेवू नका. शाळेला जाताना तिकीट काढून माझ्यात चढा. डिझेलच्या बसमागे अडकलात की खिडक्या लावून घेता ना? माझ्यात बसलात की सगळ्या उघडा. भरलेल्या ट्रॉलीबसची तार काढायला कोण शिडी लावतं, तेच मला बघायचंय.