सगळ्यांच्या पुढे
"खड्डा! डावीकडून घ्या!" पोस्टमननं मान वळवून आरोळी ठोकली आणि स्वतः ऐटीत खड्ड्याला वळसा घातला. मागून अकरा सायकली शिस्तीत वळल्या.

सकाळी चर्चच्या आवारात प्रार्थना झाली, तेव्हा खुद्द पाळकांनीच त्याला रांगेत पहिला उभा केला होता. "पुढे तुम्ही राहा," एवढंच ते म्हणाले, आणि पोस्टमनची छाती फुगली. तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटली, ती काय उगाच? या मंडळींची आणि त्याची ओळख जेमतेम महिन्याभराची. तो त्यांच्या चर्चचाही नव्हता. पण मुलांच्या ज्या दवाखान्याला मदत म्हणून दरवर्षीची ही तीन दिवसांची फेरी होती, तिथंच त्याची नात बरी झाली होती. गेल्या वर्षी त्याच्या स्वतःच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. बायको नको नको म्हणत असताना त्यानं नातीला शब्द दिला होता: सगळा रस्ता सायकलवर, मागून येणाऱ्या सामानाच्या गाडीत पाऊलसुद्धा ठेवणार नाही.

मंडळी त्याला फार आवडली. कुणाची चेन उतरली की चौघं खाली उतरत. चढ आला की सगळे गाणं सुरू करत. सुरात पाळक सोडले तर कुणीच नव्हतं, पण उत्साहाला तोटा नव्हता. आणि एकानंही त्याच्या पुढे जायचा प्रयत्न केला नाही. केवढा हा मान, त्याला वाटलं.

चहाला थांबल्यावर तो सुताराजवळ जाऊन बसला. सुतार सगळ्यांत दांडगा गडी.

"एवढे धट्टेकट्टे तुम्ही, आणि मागे मागे काय राहता?" पोस्टमननं चेष्टा केली. "या की पुढे थोडा वेळ."

"मला कोण येऊ देतंय?" सुतार सरळपणे म्हणाला. "आमच्यात सगळ्यांत हळू असेल तो पुढे. म्हणजे कुणी मागे पडत नाही."

पोस्टमनचा चेहरा खर्रकन उतरला. सकाळपासून खड्डे दाखवले, हातवारे केले, "दमू नका, आलंच आता" म्हणून धीरसुद्धा दिला. त्याचे कान तापले. लहान पोराला पुढच्या दांडीवर बसवून हँडल धरू द्यावं, तसं झालं होतं हे. चहा अर्धा टाकून तो सायकल ढकलत गाडीकडे निघाला. चुलीत गेला तो शब्द! नातीला सांगता येईल काहीतरी.

गाडीच्या दारापाशी कुणीतरी मागून त्याचं कॅरियर धरलं. सिस्टर होती, त्याच दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. साठी उलटलेली, चेहरा लालबुंद. सकाळपासून त्याच्या लगेच मागे तिचीच सायकल होती.

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"चक्कर?"

"काही नाही हो. सकाळपासून माझ्यापायी ब्रेक दाबत आलात सगळे. कशाला खोळंबा?"

"ते दाबत असतील. मी कशाला दाबू?" सिस्टर म्हणाली. "मी जीव तोडून तुमच्यामागे येतेय."

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं.

"चार वर्षं पहिली मी होते. समोर नुसता रिकामा रस्ता. आज पहिल्यांदा समोर कुणाची तरी पाठ आहे. तुम्ही गाडीत बसलात की पुन्हा मीच."

कॅरियर तिनं अजून सोडलं नव्हतं. पलीकडे बाकीचे रांग लावून उभे होते, पुढची दोन माणसांची जागा मोकळी ठेवून. सगळे मुद्दाम भलतीकडे बघत होते. सुतार तर आकाशात. तीस वर्षं पोस्टमन दारोदार फिरला होता, पण अशी माणसं त्याला भेटली नव्हती.

त्यानं सायकल वळवली.

दोनेक फर्लांग अंतर मागे पडलं. मग त्यानं मान न वळवता विचारलं, "सिस्टर, हा वेग झेपतोय ना?"

मागून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"जरा कमी करा," सिस्टर म्हणाली.