पापणी उचलून धरणारी

मी एक जुनी चेतापेशी आहे. मित्रांनो, ताठ बसा. अडुसष्ट वर्षे केलेल्या कामाची हकीकत सांगताना कोणी जांभई दिलेली मला खपणार नाही. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंची पापणी बहिणींच्या साथीने उचलून धरणे, हे माझे काम.

माझा देह मेंदूच्या तळाशी आहे. तिथून निघालेला माझा धागा पापणीच्या स्नायूजवळ पोचतो, पण त्याला टेकत नाही. मध्ये केसाच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद फट आहे. माझी वीज तिच्या काठाशी थबकते. कॅल्शियम आत शिरते, सज्ज थैल्या उघडतात आणि त्यांतले रसायन पलीकडे जाऊन स्नायूची दारे उघडते. लगेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रसायनाचे तुकडे करते. ते वेचून मी पुन्हा थैल्या भरते. हे सारे निमिषार्धात! इतक्या वर्षांनीही मी थक्क होते.

गेल्या वर्षी दुपार कलली की पापणी ढळू लागली. मी थैल्यांमागून थैल्या रित्या करीत होते. पण रोगजंतूंशी लढणाऱ्या, शरीराच्याच भांबावलेल्या रक्षकांनी पलीकडची कित्येक दारे अडवली होती.

"आई, पुन्हा डुलकी?" मुलगा हसला.

"जागी आहे रे मी! हा डोळाच ऐकत नाही."

"पुरे झालं आता," सून म्हणाली. "उद्यापासून दुकानातल्या खुर्चीवर हेच बसतील."

बाईंची चाळीस वर्षांची खुर्ची!

मग तिघे दवाखान्यात गेली. तिथे डॉक्टरीणबाईंनी मिटल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवली. गारव्याने विकर मंदावले. माझे रसायन फटीत रेंगाळले, उरलेल्या दारांवर पुन्हा पुन्हा थाप देत राहिले. पिशवी उचलली, आणि पापणी वर!

"अगंबाई! म्हणजे झोप नव्हतीच?" सून पुटपुटली.

"नव्हती. स्नायूला निरोप पोचत नव्हता. गोळ्यांनी फरक पडेल. दुपारी विसावा मात्र हवा."

"चुकलं माझं, आई," मुलगा म्हणाला. "खुर्ची तुझीच."

"माझीच होती. दुपारी तासभर तू बसायचंस. आणि डुलक्या काढायच्या नाहीत!"

मित्रांनो, कोणाची पापणी झुकली तर नावे ठेवण्याआधी जवळ बसून विचारा. आत कोणी जीव तोडून हाका मारीत असेल आणि पलीकडचे दार उघडत नसेल. अशा माणसाला घटकाभर विसावू द्या. त्याची खुर्ची तेवढ्यात बळकावू नका.