सहा कोटी गाण्यांसाठी केलेली जागा

मित्रांनो, माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा आहे आणि पाठीवर सरसाचे वाळलेले डाग आहेत. त्यावरून माझे वय ओळखा. मी एक जुना टॅब आहे. घडलो एका कारखान्यात, पण मला माणसांत आणले ते व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने. त्याच्या बाकावर, रंधा आणि कानस यांच्या शेजारी, सात वर्षे मला मानाची जागा होती.

माझे काम साधे होते. व्हायोलिन दुरुस्त झाले, की कारागिराची पत्नी हातातला पॉलिश कागद बाजूला ठेवून एक लांब सूर लावी. त्या सुराला तो तार जुळवी आणि मी सारे टिपून घेई. सूर जुळवण्याचे यंत्र त्याने कधी घेतले नाही. "यंत्राचा सूर बरोबर असतो," तो म्हणे, "हिचा खरा असतो."

ध्वनिफितींना तो 'दुरुस्ती एक', 'दुरुस्ती दोन' अशी नावे देई. गाणाऱ्याच्या नावाचा रकाना मात्र कोरा राही. घरच्या माणसाचे नाव घरात कोण लिहून ठेवतो? तो कोरा रकाना पाहून मीच माझ्या शहाणपणाने तेथे 'अज्ञात कलाकार' असे छापले. अशा दोनशे बारा ध्वनिफिती झाल्या आणि ती वारली. त्यानंतर तो रोज सकाळी त्यांतली एक लावून तार जुळवू लागला.

मग लेक आणि जावई राहायला आले. बाबांना करमत नाही, असे निदान झाले आणि गाण्यांचे अ‍ॅप हा उपाय ठरला. कोणते अ‍ॅप, यावर जेवणाच्या टेबलाशी विद्वत्सभा भरली. एक फुकट होते, पण दर दोन गाण्यांमागे साबणाची जाहिरात लावी. दुसऱ्याचा आवाज नितळ, पण अक्षरे मुंगीएवढी. तिसऱ्यात सहा कोटी गाणी होती आणि ती टॅबवर उतरवूनही ठेवता येत.

"बाबांना काय आवडतं ते तरी विचारू या," लेक म्हणाली.

"सहा कोटींत नाही असं काय आवडणार आहे त्यांना?" जावई म्हणाला.

हा सिद्धान्त सभेने एकमताने मंजूर केला. तिसरे अ‍ॅप घेतले, पण गाणी उतरवायला माझ्यात जागा नव्हती.

"हा अज्ञात कलाकार कोण?" जावयाने एक ध्वनिफीत दोन क्षण ऐकली. सूर लागण्याआधी तिच्यात कागद घासल्याचा आवाज होता. "नुसती खरखर आहे. तीही दोनशे बारा वेळा."

"बाबांचं बोट कुठेही पडतं," लेक हसली.

'नक्की काढायचे?' असे मी विचारले. मला घडवणाऱ्यांनी विरोध म्हणून एवढेच वाक्य शिकवले आहे. जावयाने 'होय' म्हटले. पुढे आणखी जागा लागली, तेव्हा माझी कचरापेटीही रिकामी केली. त्या ध्वनिफिती माझ्याखेरीज कोठेच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिराने एका व्हायोलिनला नवी तार चढवली आणि मला जवळ ओढले. त्याचे बोट बराच वेळ वरखाली फिरले.

"जावईबापू, हिचा सूर कुठे ठेवलात?"

"कुणाचा?"

लेकीच्या हातातला कप हवेतच थांबला. जावयाने घाईघाईने नव्या अ‍ॅपमध्ये 'दुरुस्ती' हा शब्द शोधला. अ‍ॅपने उत्तर दिले: 'काही सापडले नाही. तुम्हाला हेही आवडेल.' आणि एक नाचरे गाणे सुरू झाले. ते बंद करायचे कोणालाही सुचले नाही. मित्रांनो, मी बाकावरून फरशीवर पडलो आहे. हा तडा त्याचाच. पण तेव्हाही मी असा सुन्न झालो नव्हतो.

शेवटी लेकीनेच गाणे थांबवले आणि एक सूर लावून पाहिला.

"थोडा वर," कारागीर डोळे मिटून म्हणाला. "अजून. नाही गं पोरी, तिथे नव्हती ती."

त्याने तार सैल केली.

मित्रांनो, जागा हवी असेल तर खुशाल करा; पण आधी त्या घरातल्या माणसाला विचारा. जगाला जे अज्ञात, ते कोणाचे तरी सर्वस्व असू शकते.

आज माझ्यात सहा कोटी गाण्यांची सोय आहे आणि कारागिराने केलेली एक नवी ध्वनिफीत आहे. तिच्यात कोणी गात नाही. फक्त बाकावर कागद घासल्याची खरखर आहे. गाणाऱ्याच्या रकान्यात मात्र त्याने पहिल्यांदाच पत्नीचे पूर्ण नाव लिहिले आहे.