मिनेगुमोचा डावा हात

मिनेगुमोच्या केसांना मी पहिल्यांदा मेणतेल लावलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. सुमो पैलवानांच्या शेंड्या बांधण्यात माझी पंचेचाळीस वर्षं गेली, सगळी एकाच तालमीत. तो चढत चढत ओझेकी झाला, म्हणजे सगळ्यात वरच्या योकोझुनाच्या खालोखाल, तेव्हाही त्याच्या पाठीमागे कंगवा घेऊन मीच बसलेलो होतो. मग त्याचा गुडघा गेला. एकेका स्पर्धेला एकेक पायरी उतरत छत्तिसाव्या वर्षी तो अशा वर्गात येऊन पडला, जिथे स्वतःची खोली नाही, रेशमी पट्टा नाही. कमरेला काळा सुती पट्टा गुंडाळायचा आणि अंघोळीला पोरांच्या मागे थांबायचं.

जुलैत आमचा मुक्काम नागोयाला एका देवळात असतो. अंगणात सरावाचं रिंगण घालतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वस्ताद कुरोसे यांनी सगळ्यांसमोर मिनेला बोलावलं.

"ओझेकी राहिलेला माणूस सुती पट्ट्यात लोकांना दिसलेला मला आवडत नाही. पंधरा दिवसांत सात कुस्त्या आहेत. चार जिंकलास तर पुढचं बघू. नाहीतर शेंडी उतरवून निवृत्त व्हायचं."

"हो, वस्ताद," मिने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर तो माझ्यापुढे येऊन बसला. वरच्या दोन वर्गांतल्या पैलवानांची शेंडी स्पर्धेच्या दिवशी गिंको झाडाच्या पानासारखी, पंख्यागत पसरून बांधतात, खालच्यांची साधी, दुमडून. माझा हात सवयीने चालला आणि मी त्याच्या डोक्यावर सरळ पान उघडलं. शेजारची पोरं टक लावून बघायला लागली.

"मात्सूकाका, मला बढती दिलीत की काय?" मिने म्हणाला.

"गप बस. हात चुकला."

"असाच गेलो तर वस्ताद आधी तुमची शेंडी उतरवतील."

"माझं टक्कल आहे रे."

पोरं हसली. मी दोरा कापला आणि पुन्हा साधी बांधली. पोरं पांगल्यावर विचारलं, "मिने, कशाला हे सगळं? नाव झालं तुझं. अख्ख्या गावाने तुझी मिरवणूक काढली. अजून काय मिळवायचंय?"

तो गुडघा चोळायला लागला.

"काका, तेव्हा माझं वजन होतं एकशे ऐंशी किलो. समोरच्याला छातीवर घ्यायचं आणि चालत सुटायचं. डावा हात त्याच्या काखेखालून आत घालून मागचा पट्टा धरायचा, हे मला कधी आलंच नाही. गरजही पडली नाही. गुडघ्यापायी वजन उतरवलं, तेव्हापासून माझ्या ढकलण्याने कोणी हलेना. म्हणून शिकायला लागलो. दहातून दोनदा जातो आत. आत्ता कुठे जायला लागलाय, आणि आत्ताच सोडू?"

"छत्तिसाव्या वर्षी शिकतोस?"

"मग काय साठाव्या शिकू?"

सहा कुस्त्या झाल्या. तीन जिंकल्या, तीन हरल्या. तेराव्या दिवशी त्याला वरच्या वर्गातल्या होशिताकाशी लावलं. बावीस वर्षांचा पोरगा, बैलासारखी मान. वरच्याशी लढायचं असेल तर खालच्यालाही त्या दिवसापुरतं पान मिळतं. मी ते बांधत असताना वस्ताद मागे येऊन उभे राहिले.

"तो पोरगा डोकं खाली घालून येतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तू बाजूला हो. तोंडावर पडेल. या वयात तुला कोणी नावं ठेवणार नाही."

मिने नुसतं "हं" म्हणाला.

कुस्ती मी स्पर्धागृहाच्या आतल्या खोलीत टीव्हीवर बघितली. मिने बाजूला झाला नाही. सरळ गेला. दोघांची डोकी आपटल्याचा आवाज टीव्हीतूनही ऐकू आला. आणि त्याचा डावा हात सर्रकन आत गेला, पार मागच्या पट्ट्यापर्यंत. पोरगा हलेना. दोघे एकमेकांवर रेलून नुसते श्वास टाकत होते. लोक त्याचं नाव घेऊन ओरडायला लागले. मिनेने पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, पोराच्या टाचा रिंगणाच्या कडेला पुरलेल्या पेंढ्याला टेकल्या. त्याच्याबाहेर पाय पडला की हरलाच. तेवढ्यात पोराने कंबर वळवली, मिनेला वरून पट्ट्याला धरून फिरवलं, आणि मिने रिंगणाखाली प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत जाऊन कोसळला.

तीन जिंकल्या, चार हरल्या.

पाठभर माती घेऊन तो आत आला. "काका, आत गेला! बघितलंत?"

"हरलास, मिने."

"हो. ते पण झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चांगले कपडे घालून येईल, वस्तादांपुढे वाकेल आणि निवृत्तीचं बोलेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. आम्ही अंगणात आलो तर हा काळा पट्टा बांधून रिंगणात पाय आपटायचा सराव करत होता. घामाने भिजलेला.

वस्ताद येऊन आपल्या गादीवर बसले. बराच वेळ बघत राहिले.

"काय ठरलं होतं?"

मिने थांबला. "चार जिंकायच्या. तीन जिंकलो."

"मग?"

"शब्द मोडतोय, वस्ताद. हाकललंत तर जाईन. आपणहून जाणार नाही."

कुरोसेंशी असं बोललेला माणूस मी तोवर बघितला नव्हता. पोरांनी माना खाली घातल्या.

"बाजूला झाला असतास तर चार झाल्या असत्या."

"झाल्या असत्या. पण हात जातो की नाही, ते कळलं नसतं."

वस्तादांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं.

"काख उघडी होती."

"काय?"

"काल. हात गेला, पण कोपर बाहेर. काख उघडी ठेवलीस म्हणून त्याने तुला फिरवला. गुडघ्याचं नाव सांगत बसू नकोस."

"नाही सांगत."

वस्ताद उठले. मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि रिंगणात उतरले. त्यांच्या पायाला माती लागून किती वर्षं झाली होती, देव जाणे. ते छाती पुढे काढून उभे राहिले.

"घाल."

मिनेने हात घातला. वस्तादांनी त्याच्या कोपरावर चापट मारली. "काख!"

मिने मागे गेला, खाली बसला, पुन्हा आला.

"काख, गाढवा! लहान पोरांनाही कळतं. परत ये."

सराव रोज दहाला आटपतो. त्या दिवशी बारा वाजून गेले, तरी मी मिनेची शेंडी बांधायला दोरे आणि कंगवे मांडून वाट बघत होतो.